ब्रेक कोणी दुरुस्त केले?

आपल्या देशात ट्रक चालवायचा असेल तर परवाना लागतो. बसमध्ये तिकिटे फाडणाऱ्या वाहकालाही परवाना लागतो. घरात विजेची जोडणी करणाऱ्या वायरमनकडे परमिट असावे लागते, बॉयलरपाशी उभे राहणाऱ्याकडे सक्षमतेचा दाखला असावा लागतो, औषधांच्या दुकानात नोंदणीकृत औषधनिर्माता बसावा लागतो. ट्रक रस्त्यावर धावण्यास योग्य आहे की नाही हे तपासणाऱ्या मोटार वाहन निरीक्षकासाठी तर केंद्र शासनाने १९८९ साली पात्रताच ठरवून दिली : तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका आणि नावाजलेल्या कार्यशाळेतला एक वर्षाचा अनुभव. मात्र त्याच ट्रकचे चाक उतरवून, ड्रम काढून, ब्रेकचे लाइनर बदलून सर्व पुन्हा जागच्या जागी बसवणाऱ्या माणसाकडे काय असावे लागते? काहीही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये दोनशेहून अधिक कलमे आहेत. चालक कोण, मालक कोण, विमा कोणाचा, धूर किती, भार किती, हे सगळे त्यांत विचारलेले आहे. ब्रेक कोणी दुरुस्त केले, हे विचारलेले नाही.

कौशल्य-विकास या विषयावर गेली पंधरा-सोळा वर्षे आपण भरपूर लिहितो-बोलतो आहोत. त्या चर्चेचा सूर ठरलेला असतो : प्रशिक्षित माणसे कमी आहेत, सबब प्रशिक्षण वाढवा. मोटार तंत्रज्ञाच्या बाबतीत तरी मला हे निदान चुकीचे वाटते. प्रशिक्षित माणसाला कोणी विचारत नाही, हा इथला मूळ रोग आहे. जोवर कोणी विचारत नाही तोवर आपण कितीही कॉलेजे काढली तरी त्यांतून दाखले बाहेर पडतील, तंत्रज्ञ पडतीलच असे नाही.

नागपूरहून रस्त्याने रायपूरला गेलेल्या वाचकांनी कुम्हारी ओलांडलेले आहे, फक्त ते लक्षात राहिलेले नसेल. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३. भिलाई मागे पडल्यावर आणि खारून नदी ओलांडून रायपुरात शिरण्यापूर्वी लागणारे हे दुर्ग जिल्ह्यातले छोटे नगर. भिलाईतल्या मराठी कुटुंबांना ते माहीत असते ते तिथल्या टोलनाक्यामुळे आणि वाहतुकीच्या कोंडीमुळे. भिलाईचे पोलाद, जामुलचे सिमेंट आणि मुंबई-कोलकाता रस्त्यावरचा इतर सगळा माल याच वाटेने जातो. कामानिमित्त मला या पट्ट्यात बऱ्याचदा जावे लागते, आणि गाडी थांबली की रस्त्याकडेची गॅरेजे न्याहाळण्याची मला जुनी खोड आहे.

ट्रक जिथे थांबतात तिथे गॅरेज उगवते, त्याला कोणत्याही योजनेची गरज लागत नाही. एक जण फक्त पंक्चर काढतो. दुसरा फक्त कमानीचे पाटे बदलतो. तिसरा ब्रेक आणि क्लच पाहतो, चौथा वायरिंग, पाचवा ग्रीसिंग. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ॲडम स्मिथच्या टाचण्यांच्या कारखान्यातले श्रमविभाजन शिकवतात. ते इथे ताडपत्रीखाली पाहायला मिळते. मुलगा चौदा-पंधराव्या वर्षी येतो. (चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने बंदी घातली आहे, त्यामुळे गॅरेजात विचारले तर प्रत्येक मुलगा चौदा पूर्ण केलेलाच असतो.) पहिले काही महिने डिझेलमध्ये सुटे भाग धुवायचे. मग बारा-तेराचा पाना कोणता आणि अठरा-एकोणीसचा कोणता हे न पाहता ओळखून उस्तादाच्या हातात द्यायचा. मग नट सैल करायचे, पण आवळायचे नाहीत. आवळण्याचा अधिकार दुसऱ्या वर्षी मिळतो. चाक दोन्ही हातांनी हलवून बेअरिंगची ढिलाई किती हे सांगणे, वासावरून क्लच जळाल्याचे ओळखणे, स्लॅक ॲडजस्टर हाताने ओढून ब्रेकची चाल अजमावणे, हे सगळे तो असे शिकतो. हे खरे ज्ञान आहे. वातानुकूलित सभागृहात बसून त्याला 'अनौपचारिक' म्हणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ते येते.

पण या विद्येला मर्यादा आहे आणि ती आता उघडी पडली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ चे प्रदूषण-निकष लागू झाले. नव्या ट्रकच्या इंजिनाचा कारभार संगणक पाहतो. धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा असते, काजळी अडवणारी गाळणी असते, आणि जागोजागी सेन्सर असतात. एक सेन्सर बिघडला किंवा युरिया संपला की गाडीची ताकद आपोआप उतरते. उस्ताद कान लावून ऐकतो, पण सेन्सर आवाज करत नाही. स्कॅनर नाही, असला तर त्यावरचे संकेत वाचता येत नाहीत, आणि मालक फोनवर ओरडतो आहे की माल संध्याकाळपर्यंत पोचला पाहिजे. अशा वेळी सेन्सरला फसवणारी पेटी बसवून देणारा कोणीतरी निघतोच. तेलशुद्धीकरण कारखान्यांनी आणि वाहन-उत्पादकांनी हजारो कोटी रुपये खर्चून जे निकष पाळले, ते एका ताडपत्रीखाली अर्ध्या तासात निकालात निघतात. इथे प्रशिक्षण हवे, यात शंकाच नाही.

आणि शासनाने काही केले नाही असेही कोणी म्हणू नये. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची आहे. तिच्यातला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये आजही चालतो. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याचे लक्ष्य ठेवले. (हा आकडा कोणत्या हिशेबाने आला हे मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून शोधण्याचा प्रयत्न केला होता. असो.) २०१३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अमेरिकेच्या धर्तीवर कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल विकास योजना आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये १,००० आयटीआयच्या सुधारणेसाठी ६०,००० कोटी रुपयांची पीएम-सेतू योजना सुरू झाली.

छत्तीसगड तर या बाबतीत सर्वांच्या पुढे गेले. दंतेवाड्यात सुरू झालेले लाइव्हलीहूड कॉलेज पुढे राज्यातल्या सर्व २७ जिल्ह्यांत नेण्यात आले. कम्युनिटी कॉलेजचा देशी अवतार कोणता असे कोणी विचारले तर मी याच कॉलेजांकडे बोट दाखवीन. २०१३ मध्ये राज्याने कायदाच केला : १४ ते ४५ वयाच्या कोणत्याही व्यक्तीने मागणी केल्यास ९० दिवसांच्या आत कौशल्य-प्रशिक्षणाची संधी द्यावी लागेल. प्रशिक्षण हा कायदेशीर हक्क करणारे हे देशातले पहिले राज्य. कायदा चांगला आहे आणि तो करणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. पण त्या कायद्याने कुम्हारीच्या मुलाला वर्गात जागा मिळवून दिली. वर्गातून बाहेर पडल्यावर त्याचा दाखला बघायला कोणी बांधील आहे असे मात्र कोठेही म्हटलेले नाही.

अशाच एका केंद्रात, ते कोठले हे महत्त्वाचे नाही, मी थोडा वेळ बसलो होतो. मधोमध स्टँडवर बसवलेले, कापून आतला भाग दाखवणारे एक इंजिन होते, लाल-पिवळ्या रंगाने रंगवलेले. ते कधीही सुरू होणारे नव्हते, त्यामुळे बिघडणारेही नव्हते. भिंतीवर तक्ते. मुले वहीत चार स्ट्रोकच्या आकृत्या काढत होती. स्कॅनर आहे का, असे विचारल्यावर निदेशकांनी कपाट दाखवले. स्कॅनर होता, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. मुलांना का देत नाही, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शासकीय कर्मचाऱ्याला पाठ असते : तो जडवस्तू-नोंदवहीत आहे, मोडला तर वसुली माझ्या पगारातून. मी त्या निदेशकांना दोष देत नाही. लेखापरीक्षणात 'यंत्र वापराअभावी पडून' हा आक्षेप एका ओळीत निकाली निघतो, 'यंत्र मोडले' हा आक्षेप सेवानिवृत्तीपर्यंत पिच्छा पुरवतो. शहाणा माणूस कोणता आक्षेप पत्करील?

या केंद्रातला मुलगा दाखला घेऊन उस्तादाकडे जातो तेव्हा काय होते तेही मी ऐकले आहे. "कागज़ जेब में रख, पाना पकड़." दाखला असलेल्या आणि नसलेल्या मुलाची पहिल्या महिन्याची मजुरी सारखीच. कित्येकदा दाखलावाल्याची कमीच, कारण तोवर दुसऱ्याने तेवढा काळ डिझेलमध्ये हात घातलेले असतात. मग त्या मुलाच्या धाकट्या भावाने कॉलेजात का जावे?

हा प्रश्न नीतीचा कमी आणि किमतीचा अधिक आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांचा १९७० चा प्रसिद्ध निबंध जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी होता. विकणाऱ्याला गाडीचा दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देतो, आणि चांगली गाडी असलेला बाजारातून निघून जातो. त्यांना पुढे २००१ मध्ये नोबेल मिळाले. जुन्या गाडीबद्दल जे खरे आहे ते गाडीच्या दुरुस्तीबद्दल अधिकच खरे आहे. ब्रेक नीट बसवला की नाही हे ट्रकमालकाला दिसत नाही. तो घाटात दिसतो, आणि तेव्हा मालक गाडीत नसतो. मालकाला दिसते ते फक्त बिल. म्हणून तो स्वस्त मिस्त्री निवडतो, आणि जो लाइनरचे सगळे रिव्हेट नवे घालतो, जो ड्रम घासून घेतल्याशिवाय बसवत नाही, तो महाग ठरून मागे पडतो. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्येच दाखवून दिले होते की जे कौशल्य कोठेही विकता येते त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक करत नाही, शिकणाऱ्यालाच तो कमी मजुरीच्या रूपाने सोसावा लागतो. उस्तादाचा चेला फी भरत नाही. तो दोन-तीन वर्षे जवळजवळ फुकट राबतो, तीच त्याची फी. मग जो खर्च मालक करणार नाही आणि गरिबाला झेपणार नाही तो शासनाने करावा, हे ठीकच. पण जी वस्तू विकत घ्यायला कोणी तयार नाही तिच्या उत्पादनावर शासनाने खर्च करत राहावे, याला काय म्हणायचे?

शिकाऊ उमेदवार कायद्याकडे पाहा. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसे असतील तर ऐच्छिक. कुम्हारीच्या गॅरेजात उस्ताद, एक फिटर आणि एक पोरगा. म्हणजे देशातले ट्रक जिथे प्रत्यक्ष दुरुस्त होतात, मुलगा जिथे प्रत्यक्ष शिकतो, ती जागा या कायद्याच्या उंबरठ्यापर्यंतही पोचत नाही. तो मुलगा उमेदवार नाही, विद्यार्थी नाही, कामगार म्हणूनही नोंदलेला नाही. आणि ज्या केंद्रात त्याला विद्यार्थी होता आले असते त्याची वेळ सकाळी दहा ते सायंकाळी पाच. त्याच वेळात तो ट्रकखाली असतो.

परदेशस्थ मराठी वाचकांनी इथे आपल्या अवतीभवती पाहावे. मिशिगन राज्याने १९७४ मध्ये कायदा करून मोटार-दुरुस्तीची केंद्रे नोंदवणे आणि तिथल्या मेकॅनिकने राज्याचे प्रमाणपत्र मिळवणे आवश्यक केले. जनरल मोटर्सने १९७९ मध्ये आपला तंत्रज्ञ-प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला तो त्याच मिशिगनमधल्या डेल्टा कॉलेज या कम्युनिटी कॉलेजबरोबर. विद्यार्थी काही आठवडे कॉलेजात आणि काही आठवडे विक्रेत्याच्या कार्यशाळेत, असा आळीपाळीने शिकतो. कॅनडातल्या ओंटारिओत प्रमाणपत्र किंवा उमेदवारीची नोंद असल्याशिवाय मोटार तंत्रज्ञाचे काम करता येत नाही. जर्मनीने २००३ मध्ये मेकॅनिक आणि विद्युत-कारागीर हे वाहनांचे दोन व्यवसाय एकत्र करून साडेतीन वर्षांची उमेदवारी ठरवली. आपल्याकडे मात्र सेन्सरचा प्रश्न आला की ब्रेकवाला वायरिंगवाल्याकडे बोट दाखवतो आणि वायरिंगवाला ब्रेकवाल्याकडे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत असा कायदा नाही, हे मान्य. पण तिथे १९७२ पासून एएसईची स्वेच्छेची परीक्षा आहे, तिच्यासाठी कामाचा अनुभव लागतो, पाच वर्षांनी ती पुन्हा द्यावी लागते, आणि गिऱ्हाईक भिंतीवरचे प्रमाणपत्र बघून आत शिरते. कायदा असो वा बाजार, दाखला कोणीतरी मागते. आपण २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेज आयात केले. कॉलेजच्या फाटकाबाहेरची ही मागणी आयात करायला विसरलो.

खरे म्हणजे त्यासाठी परदेशात जाण्याचीही गरज नव्हती. भिलाईचा करार फेब्रुवारी १९५५ मधला आणि पहिली झोतभट्टी पेटली फेब्रुवारी १९५९ मध्ये. त्या चार वर्षांत इथली माणसे प्रशिक्षणासाठी रशियात गेली, परतली आणि भट्टीपाशी उभी राहिली. शिकलेल्याची कोणीतरी वाट पाहत होते. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तेव्हा त्यांचा आग्रहच असा होता की मुलांनी गावाला लागणारी खरी कामे करत शिकावे. काम बिघडले तर ज्याचे बिघडले तो समोर उभा असतो. रंगवलेल्या इंजिनासमोर कोणीच उभे नसते.

आता आक्षेप. मी स्वतः सरकारी अधिकारी असल्यामुळे पहिला आक्षेप मला घरातूनच ऐकू येतो : मेकॅनिकला परवाना म्हणजे आणखी एक निरीक्षक, आणखी एक हप्ता. भीती रास्त आहे. म्हणूनच सगळ्या दुरुस्त्यांना परवाना लावा, असे मी म्हणत नाही. पंक्चर कोणीही काढावे, सायलेन्सर कोणीही बदलावा. फक्त मालवाहू आणि प्रवासी वाहनांचे ब्रेक आणि स्टिअरिंग ही दोन कामे घ्या. ज्याने काम केले त्याचे नाव आणि क्रमांक बिलावर असावा, आणि फिटनेसच्या वेळी ते बिल जोडलेले असावे. फिटनेससाठी गाडी तशीही कार्यालयात येतेच. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. नवा निरीक्षक लागत नाही.

दुसरा आक्षेप, उस्तादांचे काय? ते दहावीही झालेले नसतात. तर त्यांना दहावीची अट घालूच नये. त्यांची परीक्षा त्यांच्याच गॅरेजात, त्यांच्या भाषेत, खऱ्या ट्रकच्या खऱ्या चाकावर व्हावी. लेखी अजिबात नको. पूर्वकौशल्याला मान्यता देण्याची तरतूद कौशल योजनेत आधीपासून आहे. तिचे आपण काय केले? काही तासांचा परिचय-वर्ग, एक झटपट चाचणी, टोपी, टी-शर्ट आणि सामुदायिक छायाचित्र. ती उस्तादाची परीक्षा झाली नाही, कारण त्या दाखल्याने त्याचे काहीच बदलणार नव्हते, हे त्यालाही माहीत होते आणि परीक्षकालाही. दाखल्यावाचून बिल चालत नाही असे झाले तर उस्ताद स्वतः परीक्षा मागायला येईल, आणि संध्याकाळी सात ते नऊ कॉलेजचे फाटक उघडे ठेवा असेही तोच सांगेल, कारण स्कॅनर त्यालाच शिकायचा आहे. मग तो कपाटातून बाहेर निघेल.

दुरुस्ती महागेल, हा तिसरा आक्षेप. होय, महागेल. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. अहवालात सुमारे ७२ टक्के अपघातांचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. चालक समोर असतो, बहुधा गरीब असतो, म्हणून कारण त्याच्यापाशी थांबते. वाहनात बिघाड सापडला तर त्याचीही नोंद होते, पण त्या भागाला शेवटचा हात कोणी लावला होता, या दिशेने तपास पुढे सरकत नाही. ९ एप्रिल २०२४ च्या रात्री कुम्हारीजवळ कामगारांना नेणारी बस मुरमाच्या खाणीत कोसळली आणि किमान बारा जण मेले. त्या अपघाताचे कारण सांगण्याचा मला अधिकार नाही. माझा मुद्दा एवढाच की त्या बसचे ब्रेक आणि स्टिअरिंग शेवटचे कोणी हाताळले हे सांगणारा कागद कायद्यानुसार कोठेच असणे आवश्यक नव्हते.

'मुलांना हात काळे करायचे नाहीत' हा जो चौथा आक्षेप मराठी मध्यमवर्ग उठसूट घेतो, त्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. त्यांनी एकदा महामार्गावर उतरून पाहावे, किती मुलांचे हात काळे आहेत ते.

ही सूचना मी एका आंतरविभागीय बैठकीत मांडली होती : दुर्ग जिल्हा, खारूनच्या पुलापासून भिलाईपर्यंतचा पट्टा, एक वर्ष, फिटनेसच्या अर्जात फक्त एक रकाना वाढवायचा, ब्रेकचे काम करणाऱ्याचे नाव आणि दाखल्याचा क्रमांक. एका सहकाऱ्याने विचारले, रकाना रिकामा आला तर? मी म्हणालो, गाडी परत. ते म्हणाले, मग पहिल्याच दिवशी सगळ्या परत जातील. मी म्हणालो, तर पहिले सहा महिने नुसते नाव घ्या, क्रमांक नको. निदान किती गाड्या एकाच माणसाच्या हातून जातात ते तरी कळेल. बैठकीच्या इतिवृत्तात 'सूचनेची नोंद घेण्यात आली' असे वाक्य आहे. त्यानंतरचा विषय प्रशिक्षणार्थींच्या बायोमेट्रिक हजेरीचा होता, आणि त्यावर पाऊण तास चर्चा झाली.